फँग्स-अल्माचा फुकट डेटा: घ्याच, पण फाईलचं नाव वाचून

दुसऱ्या गॅलेक्सींमधले रेणवीय ढग (थंड, दाट गॅसचे, ज्यांत तारे जन्मतात) स्वतः चाळून बघायचे असतील तर सध्या फँग्स-अल्मा या सर्वेक्षणापेक्षा भारी काही नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, 5000 मीटर उंचीवर अल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या 66 डिश आहेत, त्यांनी जवळच्या 90 गॅलेक्सी मॅप केल्यात आणि डेटा सगळ्यांना खुला. एवढ्या उंचीवर का, तर हवेतली वाफ मिलिमीटरच्या लहरी खाऊन टाकते. (आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीवर हे जमणार नाही, तिथे अणुरूपातला हायड्रोजन दिसतो.) ढग खरं तर हायड्रोजनच्या रेणूंचे, पण एवढ्या थंडीत तो रेणू गप्पच असतो, म्हणून सोबतच्या कार्बन मोनॉक्साइडची 1.3 मिलिमीटरची लाइन (ठरावीक लांबीची लहर) पकडायची आणि त्यावरून वस्तुमान काढायचं.

आता फाईल. नावात 12एम, 7एम (12 आणि 7 मीटरच्या डिश) आणि टीपी (टोटल पॉवर, म्हणजे एकेकट्या बघणाऱ्या डिश) तिन्ही असेल तीच घ्या. नुसती 12 मीटरवाली घेतलीत तर मोठा पसरट गॅस गळतो, इंटरफेरोमीटरला (अनेक डिश जोडून केलेल्या दुर्बिणीला) तो दिसतच नाही, ती तूट टोटल पॉवरच्या डिश भरून काढतात. पुढे, मॅप स्ट्रिक्ट घ्यायचा की ब्रॉड, म्हणजे नॉइज काढायची चाळणी कडक की सैल? स्ट्रिक्ट चकाचक दिसतो पण फिका गॅस कापतो, ब्रॉडमध्ये गॅस जास्त मिळतो पण नॉइजही येतो. चित्रासाठी स्ट्रिक्ट, बेरजेसाठी ब्रॉड, माझं तरी असंच.

बारकाई जबरदस्त, तरी एम74 या गॅलेक्सीत एक आर्कसेकंद (अंशाचा 3600वा भाग) म्हणजे जवळपास 150 प्रकाशवर्षं, आणि मोठा ढगच साधारण तेवढा, त्यामुळे आत डोकावता येत नाही आणि शेजारशेजारचे ढग एकात एक मिसळतात. 2021 च्या कॅटलॉगमध्ये 10 गॅलेक्सींतले 4986 ढग आहेत पण त्यासाठी सगळ्यांना 90 पार्सेकच्या (सुमारे 290 प्रकाशवर्षांच्या) एकाच बारकाईवर आणावं लागलं, नाहीतर तुलना कसली करणार! त्यातून जे निघालं ते मस्त आहे, मध्यभागातले आणि दांड्यातले (मधून जाणाऱ्या ताऱ्यांच्या पट्ट्यातले) ढग डिस्कमधल्यांपेक्षा दाट आणि जास्त खवळलेले, म्हणजे ढग सगळीकडे सारखेच ही जुनी समजूत गेली. फक्त मध्यभागाच्या वस्तुमानावर डोळे झाकून विश्वास नको, तिथे मोनॉक्साइड जास्तच चमकतो आणि आपल्या आकाशगंगेचा चमकेवरून वस्तुमान काढायचा रेट लावला की आकडा फुगतो.

5 पैकी साडेचार, अर्धा फाईलींच्या नावांपायी कापला. सुरुवात एम74 च्या मोमेंट-झिरो मॅपने (एकूण चमकेच्या नकाशाने) करा, कार्टा सॉफ्टवेअर फुकट आहे त्यात उघडतो, क्यूब (प्रत्येक वेगाचा वेगळा नकाशा असलेल्या फाईली) जड असतात ते नंतर.