एक मोठा गेम की चार छोटे? खरेदीपूर्वीची तुलना

सोनीने स्वतः प्रकाशित केलेला नवा मोठा गेम प्लेस्टेशन ५ साठी भारतात साधारणपणे ४,९९९ रुपयांना येतो. तेवढ्याच रकमेत संगणकावर स्टीम या ऑनलाइन दुकानातून पाचशे ते बाराशे रुपयांचे चार-पाच छोटे गेम घेता येतात, आणि सवलतीच्या दिवसांत त्याहूनही अधिक. या निर्णयापाशी थांबलेल्या पुष्कळ खेळाडूंना एक अस्वस्थता आधीपासूनच जाणवत असते: मोठे गेम घेतले जातात, काही तास खेळले जातात आणि मग हात त्यांच्याकडे वळेनासा होतो. अनेक जण याचा दोष स्वतःच्या वाढत्या वयाला देतात. मला हे निदान पटत नाही, कारण तीच माणसे एखादा लहान गेम रात्री जागून पूर्ण करताना मी पाहिली आहेत. माझ्या मते खेळाडूच्या वेळेचा आणि बुद्धीचा मान न ठेवणाऱ्या गेमांवरूनच त्यांचे मन उडालेले असते, आणि म्हणून पुढील तुलना मुख्यतः याच दोन कसोट्यांवर केली आहे.

आधी वेळेचा विचार करू. मोठ्या गेमच्या जाहिरातीत तासांची संख्या अभिमानाने सांगितली जाते, आणि एका रुपयाला किती तास मिळाले या हिशेबाने आपणही बराच काळ खरेदी केली. विद्यार्थिदशेत, हातात पैसा कमी आणि वेळ भरपूर असताना, तो हिशेब योग्यच होता. नोकरी, रोजचा प्रवास आणि घर सांभाळून आठवड्याला पाच-सहा तास उरणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र तो उलटा पडतो. २०२० साली आलेल्या ‘ॲसॅसिन्स क्रीड व्हॅलहॅला’ची केवळ मुख्य कथा संपवायला साठ तासांच्या आसपास लागतात, आठवड्याला सहा तास धरले, तर अडीच महिने. दुसऱ्याच एका गेममध्ये माझा मध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला. परतलो तेव्हा कोणते बटण कशाचे हेही आठवेना, कथेतील माणसांची नावे पुसट झाली होती आणि नकाशावरच्या खुणांची गर्दी तेवढी तशीच होती. तो गेम मी पुन्हा उघडला नाही.

लांबी हा स्वतःहून दोष नव्हे. केवळ भर घालण्यासाठी वाढवलेली लांबी हा दोष आहे, आणि तो ओळखता येतो. ‘ॲसॅसिन्स क्रीड ओडिसी’ या २०१८ च्या गेममध्ये पात्राची ताकद वाढवणारे अनुभवाचे गुण कायमचे अधिक वेगाने मिळवून देणारी सोय वेगळ्या पैशांना विकली जात होती. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या, एकट्याने खेळायच्या गेममध्ये वाट लवकर सरावी म्हणून पुन्हा पैसे मागितले जातात, तेव्हा ती वाट मुळात इतकी लांब का आखली, ही शंका खेळाडूच्या मनातून जात नाही. उलट शेती करण्याचा ‘स्टारड्यू व्हॅली’ हा छोटा गेम कितीही महिने खेळता येतो, पण त्यातला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांत मावळतो आणि तिथे थांबण्याची नैसर्गिक जागा मिळते. पत्त्यांच्या ‘बलाट्रो’चा एक डाव पाऊण तासात आटोपतो. २०१९ चा ‘अ शॉर्ट हाइक’ तर दोन तासांच्या आत पूर्ण होतो आणि संपल्यावर काही राहून गेल्यासारखे वाटत नाही.

दुसरी कसोटी बुद्धीची, म्हणजे खेळाडूच्या बुद्धीवरील विश्वासाची. २०२२ च्या ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ची लढाई, अभिनय आणि संगीत यांत मला उणे काढता येत नाही, पण एखादे कोडे समोर आले आणि खेळाडू काही क्षण विचार करू लागला, की सोबतचे पात्र उत्तराकडे बोट दाखवते. चढायच्या कड्यांवर पिवळा रंग फासणे, डोक्यावर सतत बाण ठेवणे, पुढच्या कामाची यादी पडद्याच्या कोपऱ्यात झळकवत ठेवणे या सगळ्यांमागे एकच भीती असते: कोट्यवधी लोकांसाठी बनवलेल्या वस्तूत एकही माणूस अडकून पडता कामा नये. आता ‘आउटर वाइल्ड्स’ पाहा. मोबियस डिजिटलच्या २०१९ च्या या गेममध्ये एक लहानशी सूर्यमाला आहे आणि बावीस मिनिटांनी तिचा सूर्य फुटतो. सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शस्त्रे वाढत नाहीत, ताकद वाढत नाही, वाढते ते केवळ खेळाडूला उमगलेले ज्ञान, आणि खेळाडूच्या अवकाशयानात त्याची एक नोंदवही. कुणी बोट धरत नसल्यामुळे तिथे लागलेला प्रत्येक शोध स्वतःचा वाटतो. गेमिंगवरून मन उडाले आहे असे सांगणाऱ्या कुणालाही मी सर्वप्रथम हाच गेम सुचवीन.

मोठ्या स्टुडिओंत कल्पक माणसांची कमतरता नाही. मग हे असे का होते, याचे उत्तर खर्चात सापडते. २०२३ साली अमेरिकेतील मायक्रोसॉफ्टविषयीच्या खटल्यात सोनीच्या कागदपत्रांवरील गोपनीय मजकूर झाकणारी काळी फासणी अपुरी राहिली आणि त्यातून ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’चा निर्मितीखर्च सुमारे २२ कोटी डॉलर, तर ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’चा २१.२ कोटी डॉलर असल्याचे जगाला कळले. ७० डॉलरच्या गेममधून दुकानाचा नेहमीचा ३० टक्के वाटा वजा केला, तर एका प्रतीमागे ४९ डॉलर उरतात. म्हणजे २२ कोटींचा निव्वळ निर्मितीखर्च भरून निघण्यासाठीच सुमारे ४५ लाख प्रती पूर्ण किमतीला विकल्या जाव्या लागतात, आणि जाहिरातीचा खर्च त्यात धरलेला नाही. एवढा पैसा पाच-पाच वर्षे अडकून पडतो, तेव्हा आधी चाललेलेच पुन्हा करावे, सगळ्यांना थोडे थोडे आवडेल असे करावे, आणि विक्रीनंतरही उत्पन्न येत राहील अशी सोय करावी, हा मार्ग सुरक्षित वाटू लागतो. तो सुरक्षित नाही. ‘बॅटमॅन: आर्कम असायलम’सारखा नेटका, एकट्याने खेळायचा गेम २००९ मध्ये देणाऱ्या रॉकस्टेडी स्टुडिओने २०२४ मध्ये ‘सुसाइड स्क्वॉड: किल द जस्टिस लीग’ हा सतत ऑनलाइन चालणारा गेम आणला आणि त्याच्या प्रकाशक वॉर्नर ब्रदर्सला २० कोटी डॉलरचा फटका दाखवावा लागला. त्याच वर्षी सोनीचा ऑनलाइन गेम ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्टला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला आणि ग्राहकांचे पैसे परत करण्यात आले.

छोट्या गेमांचे अर्थकारण याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन या एका माणसाने सुमारे साडेचार वर्षे खपून २०१६ मध्ये पूर्ण केला. ‘हॉलो नाइट’ ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील मूठभर लोकांचा. अपयश आले तरी ते थोडक्यांपुरते राहते, म्हणून विचित्र कल्पनाही शेवटापर्यंत नेता येते.

हे म्हणताना छोट्यांच्या उणिवा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून अधिक गेम आले. त्यांतून चांगले वेचणे हे एक स्वतंत्र काम आहे, आणि गाजलेल्या कल्पनेची नक्कल इथेही भरपूर होते. ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणून अर्धवट विकलेले काही गेम कधीच पूर्ण होत नाहीत. काही गेम फार कठीण असतात. ‘हॉलो नाइट’ नवख्याला पहिल्या काही तासांतच दमवू शकतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधील ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हे मला जवळचे उदाहरण आहे. त्यातील वास्तू, भिंतींवरची चित्रे आणि छायाबाहुल्यांतून उलगडणाऱ्या कथा पाहून आपल्याकडच्या मातीतून असे काही घडू शकते याचा मला मनापासून आनंद झाला. पण लढाईत सफाई कमी आहे आणि कथा शेवटाला अचानक तुटते, हे घेणाऱ्याने जाणून घ्यावे.

दिसण्याच्या बाबतीत तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मधल्या पहाटेची सर छोट्या गेमला येणार नाही. मात्र त्या पहाटेसाठी संगणकावर १५० जीबी जागा आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते, तर ‘स्टारड्यू व्हॅली’ घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

टिकाऊपणाचा मुद्दा बहुतेक ग्राहकांच्या लक्षात उशिरा येतो. कंपनीच्या सर्व्हरशी जोडूनच चालणारा २०१४ चा ‘द क्रू’ यूबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, तेव्हा ज्यांनी त्यासाठी पैसे मोजले होते त्यांनाही तो खेळता येईनासा झाला. सर्व्हरवर अवलंबून नसलेला छोटा गेम दहा वर्षांनीही उघडतो.

असे असले तरी मोठा म्हणजे वाईट हे समीकरण मी मांडणार नाही. २०२२ चा ‘एल्डन रिंग’ विस्ताराने प्रचंड असूनही खेळाडूच्या हातात कामांची यादी देत नाही. २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ शंभर तास सहज घेतो, पण आत वेगळे काही विकत नाही आणि खेळाडूच्या निर्णयांना खरे परिणाम देतो. दोन्हींच्या मधली एक वाटही आता स्पष्ट दिसते: फ्रान्समधील माँपेलिए येथील सँडफॉल इंटरॅक्टिव्हने सुमारे तीस जणांच्या मुख्य चमूने, बाहेरच्या साहाय्यकांना सोबत घेऊन, ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३’ घडवला, ५० डॉलरला विकला आणि २०२५ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातील सर्वोत्तम गेमचा मान मिळवला.

तेव्हा आठवड्याला पाच-सहा तासच हाती असतील, तर माझा सल्ला ‘आउटर वाइल्ड्स’, ‘स्टारड्यू व्हॅली’ आणि ‘बलाट्रो’ यांपासून सुरुवात करण्याचा आहे. शांतपणे दीर्घकाळ एकाच जगात रमण्याची इच्छा असेल आणि दिवाळीसारखी सलग सुट्टी समोर असेल, तर ‘एल्डन रिंग’ किंवा ‘बाल्डर्स गेट ३’ घ्यावा. त्यांवर गेलेले पैसे वाया जात नाहीत. मित्रांचा गट ठरलेल्या वेळी एकत्र खेळत असेल, तर त्या गटात चालणारा मोठा ऑनलाइन गेम घेणेच शहाणपणाचे, कारण तिथे खरी किंमत सोबतीची असते. इतर कोणताही नवा मोठा गेम पहिल्या दिवशी घेऊ नये. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये इतक्या सदोष अवस्थेत आला, की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढून घेतला. २०२३ मधील मोठ्या दुरुस्तीनंतर तोच गेम खरोखर खेळण्याजोगा झाला, आणि तोवर स्वस्तही. स्टीमवर घेत असाल, तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळल्यास पैसे परत मिळतात. दोन तास भरण्याआधीचा हा वेळ एका बैठकीत खेळा, आणि त्या वेळात गेमने तुम्हाला एखादी गोष्ट स्वतः शोधू दिली की नाही, एवढे पाहून तो ठेवायचा की परत करायचा ते ठरवा.