दोन पगारांचे विवरणपत्र : राजारामपुरीतील एका करसल्लागार कार्यालयाचा अनुभव

दिवसा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या (धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या) गुणवत्ता विभागात आणि संध्याकाळी शाहूपुरीतील एका क्लासमध्ये पगारी शिक्षक म्हणून मी काम करतो. आर्थिक वर्ष 2024-25 चे आयकर विवरणपत्र भरण्यासाठी राजारामपुरीतील एका लहान करसल्लागार कार्यालयात गेलो होतो, आणि तिथे मिळालेली सेवा अत्यंत जबाबदारीची होती.

दोन्ही मालकांनी दिलेले फॉर्म 16 (पगार व करकपातीचे प्रमाणपत्र) पुढे ठेवताच तेथील मॅडम म्हणाल्या, "आकडे नंतर बघू, आधी नेमणूकपत्र दाखवा." कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय अन्यत्र नोकरी करता येणार नाही, या अटीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली आणि माझ्याकडचे परवानगीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्यावरच पुढचे काम हाती घेतले. केवळ विवरणपत्र भरून देणाऱ्याने एवढी चौकशी केली नसती.

मग त्यांनी दाखवले की, 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट (करासाठी पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) दोन्हीकडे धरली गेली आहे, प्रत्यक्षात ती एकदाच मिळते. फाउंड्रीचे 7,20,000 आणि क्लासचे 2,40,000 रुपये वेगवेगळे पाहता कुठेच कर बसत नसल्याने कोणीही टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) कापला नव्हता; एकत्र केल्यावर मात्र करपात्र उत्पन्न 8,85,000 झाले आणि नव्या करप्रणालीनुसार उपकरासह 40,040 रुपये कर निघाला, आगाऊ कर न भरल्याचे व्याज वेगळेच. दुसऱ्या पगाराचा तपशील फॉर्म 12बी मध्ये एका मालकाला दिला असता तर कर दरमहा कापला गेला असता, हे दोन्हीकडच्या पगार विभागांनी कधी सांगितले नव्हते. व्यवसाय करही दोन्हीकडून कापला जात होता. त्याची कमाल मर्यादा माणशी वर्षाला 2,500 रुपयेच आहे.

माझ्या आधी बसलेला एक मोल्डर (ओतकामाचे साचे बनवणारा कामगार) काम सुटल्यावर दुसऱ्या कारखान्यात पाळी धरू पाहत होता. एका कारखान्यात काम केलेल्या दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम करण्यास तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 60 नुसार मनाई होती, हे त्यांनी त्याला शांतपणे समजावले आणि सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. मला हे फार मोलाचे वाटले.

उणीव एकच, दिलेली वेळ पाळली जात नाही. संध्याकाळचे काम असणाऱ्यांना ते फार जाचते. शुल्क 1,500 रुपये, रीतसर पावतीसह. जाताना दोन्ही नेमणूकपत्रे सोबत न्यावीत आणि शक्यतो सकाळची वेळ मागून घ्यावी.