आर्कयुनिट आठ महिने वापरलं, बोर्डवरचे बाण एकदाचे बिल्डमध्ये आले

आमच्या ऑफिसात पांढऱ्या बोर्डवर तीन चौकोन आहेत, वर कंट्रोलर (स्क्रीनकडून मागणी घेणारा कोड), मधे सर्व्हिस (नियम आणि गणितं), खाली रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा कोड), बाण फक्त वरून खाली, म्हणजे वरच्या लेयरने खालच्याला बोलवायचं, उलट नाही, आणि कोपऱ्यात 'पुसू नये'. ते कुणी पुसलं नाही हे खरं, पण पाळलंही नाही. पतसंस्थांसाठीचं वेब अ‍ॅप्लिकेशन आहे आमचं, जावा आणि स्प्रिंग बूट, सात वर्षांत किती जण आले नि गेले आणि जो तो रिलीजच्या आदल्या रात्री एकेक शॉर्टकट मारून गेला.

भांडाफोड झाला तो पिग्मीमुळे. मुदतीआधी पिग्मी खातं बंद केलं तर किती कापायचं हे गणित काउंटरच्या स्क्रीनसाठी कुणीतरी सरळ कंट्रोलरमध्येच लिहून ठेवलेलं. पुढे एजंट लोकांचं मोबाइल अ‍ॅप आलं, त्याला वेगळा कंट्रोलर, तिथे तेच गणित कॉपी-पेस्ट. मग संस्थेने नियम बदलला, आम्ही एका जागी बदलला, दुसरी जागा कुणाच्या लक्षातच नाही. एजंट दुकानात जाऊन एक आकडा सांगतोय आणि खातेदार काउंटरवर आला की दुसराच निघतोय. शिव्या खाल्ल्या त्या बिचाऱ्या एजंटने.

त्यानंतर आर्कयुनिट लावलं, कोडमध्ये कोण कुणाला बोलवतं हे तपासणारं टूल. जर्मनीतल्या टीएनजी टेक्नॉलॉजी कन्सल्टिंगची ओपन सोर्स लायब्ररी आहे, अपाचे लायसन्स, पैसे शून्य. वेगळा सर्व्हर नाही, डॅशबोर्ड नाही, नेहमीच्या जेयुनिट (जावात टेस्ट लिहायची लायब्ररी) टेस्टसारखी टेस्ट लिहायची. कुठलं पॅकेज कुठला लेयर ते सांगायचं, मग कंट्रोलरला कुणी बोलवायचं नाही, सर्व्हिसला फक्त कंट्रोलरने, रिपॉझिटरीला फक्त सर्व्हिसने, एवढंच. हे बाइटकोड, म्हणजे कंपाइल झालेला कोड, वाचतं आणि नियम मोडला की बिल्ड (कोडपासून अ‍ॅप्लिकेशन तयार करायची प्रक्रिया) फोडतं. एक सांगून ठेवतो, 'सगळ्या डिपेंडन्सी (कोण कुणावर अवलंबून) बघ' असा पर्याय घेतलात तर कुठल्याच लेयरमध्ये न बसणारे क्लासही सापडतात, आमचे रात्री व्याज टाकणारे जॉब सर्व्हिसला बोलवतात म्हणून लाल, म्हणजे नापास, झाले, मग त्यांच्यासाठी चौथा लेयर करावा लागला.

पहिल्या रनला 212 उल्लंघनं. कुठल्या क्लासच्या कुठल्या मेथडने कुणाला बोलवलं, कंसात फाइल आणि ओळ नंबर, अशी यादी संपता संपेना. एवढं सगळं कोण आणि कधी दुरुस्त करणार? इथेच मला हे प्रकरण आवडलं, कारण यात फ्रीझ आहे. जुनी पापं एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि त्यावर गप्प बसतं, नवीन केलं तरच ओरडतं. जुन्यातलं एखादं दुरुस्त केलं की ती ओळ आपोआप फाइलमधून जाते. वर चार ओळी घातल्या आणि ओळ नंबर सरकला तरी गोंधळत नाही, पण मेथडचं नाव बदललं तर तेच जुनं पाप नवीन म्हणून समोर येतं, त्यामुळे रिनेम करणाऱ्या पोराला उगाच वाटतं आपणच काहीतरी मोडलं.

आता आमचा गाढवपणा. फ्रीझची फाइल बनवायची परवानगी डिफॉल्टला बंद असते, सेटिंगमध्ये चालू करावी लागते. आम्ही केली, आणि ती फाइल ज्या फोल्डरमध्ये जाते ते गिटइग्नोरमध्ये, म्हणजे कोड साठवणाऱ्या गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत, पडलेलं. म्हणजे बिल्ड सर्व्हरवर दर वेळी फाइल नाही, म्हणून नवी बनते, त्यात आजची सगळी पापं जमा, आणि टेस्ट हिरवी! दोन आठवडे सगळं हिरवंगार, आम्ही खूश. फाइल गिटमध्ये टाका आणि सर्व्हरवर ती बनवायची परवानगी बंद ठेवा, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

बाइटकोड वाचत असल्यामुळे काही गोष्टी त्याला दिसतच नाहीत. दुसऱ्या क्लासमधला स्टॅटिक फायनल, म्हणजे कधीच न बदलणारा, आकडा वापरला की कंपाइलर तो आकडाच चिकटवून टाकतो, मग तो आला कुठून याचा पत्ता उरत नाही. हे एकवेळ चालतं.

मोठी गोची वेगळीच आहे. ज्या पिग्मीसाठी एवढा खटाटोप केला तो घोळ याने पकडलाच नसता! तो कंट्रोलर रिपॉझिटरीला बोलवतच नव्हता, सर्व्हिसकडून खातं घेऊन स्वतःच कापाकापी करत होता, म्हणजे बाण एकदम बरोबर. आर्कयुनिटला कोण कुणाला बोलवतं एवढं कळतं, कोण कुणाचं काम करतंय ते नाही. मग जुगाड केला, कंट्रोलर पॅकेजमध्ये बिगडेसिमलची (अचूक दशांश आकडे ठेवणारा जावाचा प्रकार) गुणाकार-भागाकाराची मेथड दिसली की बिल्ड फेल. असा नियम चार ओळीत होतो. तिसऱ्या दिवशी एका पठ्ठ्याने तेच गणित डबलमध्ये (दशांश अंदाजे ठेवणारा प्रकार) केलं, पैशाचं, डबलमध्ये! ते रिव्ह्यूत पकडलं, माणसाने, डोळ्यांनी.

अजून एक कुरकुर, ती टूलपेक्षा लेयरच्या हट्टाबद्दल जास्त आहे. शाखांची यादी ड्रॉपडाउनला द्यायची तर सर्व्हिसमध्ये एक मेथड, जी रिपॉझिटरीचं उत्तर जसंच्या तसं पुढे ढकलते, निव्वळ टपालखातं. अशा दोन-तीन ठिकाणी आम्ही नियमाला सरळ अपवाद दिलाय, तशी सोय आहे. काही लोकांना ते पाप वाटतं, वाटू दे.

छोटं, दोन जणांचं अ‍ॅप असेल तर नका घेऊ हे, पॅकेजं नीट ठेवा, बास. पाच-सहा जणांच्या वर टीम असेल तर आजच लावा. पायथॉनवाल्यांना इम्पोर्ट लिंटर आहे, पीएचपीवाल्यांना डेपट्रॅक, साधारण हेच काम.

माझे पाचपैकी चार स्टार. फ्रीझच्या फाइलमध्ये आज 37 ओळी उरल्यात, त्यातल्या 20 एकट्या वार्षिक ताळेबंदाच्या कंट्रोलरच्या, आणि त्याला मार्चआधी कुणी हात लावायचा नाही असं ठरलंय.