पाइपलाइन गाडल्यानंतरची जमीन: पेंढा, जाळी, फवारणी की पिचिंग?

पाइपलाइनचा चर बुजवून वरची माती पुन्हा पसरली आणि यंत्रे निघून गेली, की उघड्या पडलेल्या पट्ट्यावर कोणते आच्छादन घालायचे, हा निर्णय बहुतेक वेळा पावसाळा तोंडावर आल्यावर घाईने घेतला जातो. त्यासाठी सहसा चार पर्याय समोर असतात: बियाण्यावर पेंढा अंथरणे, तागाची किंवा काथ्याची जाळी बसवणे, तंतूंच्या लगद्यातून बियाण्याची फवारणी म्हणजे हायड्रोसीडिंग करणे आणि दगडी पिचिंग म्हणजे दगडांचा थर रचून जमीन झाकणे. मात्र वाहून येणाऱ्या पाण्याला आधी वाट करून दिलेली नसेल, तर या चौघांत निवड करण्याला फारसा अर्थ उरत नाही.

बुजवलेल्या चरातली माती शेजारच्या न हललेल्या जमिनीपेक्षा पोकळ असते, त्यामुळे उतारावर हा चर जमिनीखालच्या पाटासारखे काम करतो आणि पाइपाच्या कडेने पाणी धावू लागते. ते रोखण्यासाठी चराच्या आत ठरावीक अंतरावर वाळूच्या पोत्यांचे अडथळे रचतात, आणि जमिनीच्या पृष्ठभागावर उताराला आडवे पण किंचित तिरपे मातीचे बांध घालून पाणी पट्ट्याबाहेरच्या स्थिर, गवताळ जागी सोडतात. अमेरिकेच्या फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन या ऊर्जा नियामक संस्थेच्या धूप-नियंत्रण योजनेत अशा आडव्या बांधांमधले अंतर 5 ते 15 टक्के उतारावर 300 फूट, 30 टक्क्यांपर्यंत 200 फूट आणि त्याहून तीव्र उतारावर 100 फूट दिले आहे. माती भुसभुशीत असेल तर ते याहून कमी ठेवावे, असे माझे मत आहे.

सपाट किंवा सौम्य उताराच्या जमिनीवर पेंढा पुरतो. एकरी साधारण 2 टन पेंढा एकसारखा अंथरून तो मातीत दाबला, तर पावसाच्या थेंबांचा मारा थेट मातीवर बसत नाही आणि ओलही टिकते. नुसता पसरलेला पेंढा मात्र वाऱ्याने एका कडेला गोळा होतो, आणि त्याच्यासोबत तणाचे बी आले तर ते पुढे शेतकऱ्याच्या माथी बसते.

उतार तीव्र झाला की जाळीला पर्याय कमीच उरतात. ताग एक-दोन वर्षांत कुजतो, तर काथ्या त्याहून अधिक काळ, साधारण दोन ते पाच वर्षे टिकतो. त्यामुळे जिथे गवत सावकाश धरते तिथे काथ्याचा जादा खर्च योग्य ठरतो. जाळीचे यश तिच्या प्रतीपेक्षा ती बसवण्यावर अधिक अवलंबून असते. वरची कड सुमारे 15 सेंटीमीटर खोल खाचेत गाडावी लागते, जाळीचा वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर कौलांसारखा चढवावा लागतो आणि जाळी सर्वत्र मातीला टेकलेली असावी लागते. ढेकळांवर तंबूसारखी ताणलेली जाळी पहिल्या जोरदार पावसानंतर उचलून पाहिली, की खाली बोटभर रुंदीच्या ओघळी पडलेल्या दिसतात आणि बी पायथ्याशी गाळात जमलेले असते. वरून मात्र सारे शाबूत वाटते.

हायड्रोसीडिंगचा खरा उपयोग माणूस धड उभा राहू शकत नाही अशा लांबलचक उतारांवर होतो. पण टाकीच्या गाडीला रस्ता हवा, भरपूर पाणी हवे, आणि फवारलेला थर सुकून घट्ट होण्यासाठी बऱ्याच मिश्रणांना 24 ते 48 तासांची उघडीप हवी. पावसाच्या आदल्या संध्याकाळी फवारणी उरकणारा कंत्राटदार केवळ हिरवे पाणी विकत असतो.

पिचिंग ओढ्यांच्या काठांपुरते आणि पाणी जोराने पडते त्या जागांपुरतेच ठेवावे. दगडांखाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड) किंवा खडीचा गाळणथर नसेल, तर फटींतून माती निघून जाते आणि दगड खचतात. शिवाय पुढे दुरुस्तीसाठी पाइप उघडायची वेळ आली, तर हेच दगड आडवे येतात.

बी कोणतेही पेरा, दाबल्या गेलेल्या मातीत मूळ उतरत नाही. म्हणून वरची सुपीक माती खालच्या मातीपासून वेगळी साठवावी, ओली असताना हलवू नये आणि ती परत पसरण्याआधी खालचा थर खोल नांगरून मोकळा करावा. हे झाले आहे की नाही, हे पाहायला प्रयोगशाळेची गरज नाही: एक लोखंडी सळई आधी पट्ट्याबाहेर आणि मग यंत्रे फिरलेल्या वाटेवर हाताने खुपसून पाहावी. बाहेर वीतभर आत जाणारी सळई पट्ट्यात चार बोटांवरच अडली, तर जाळी आणि फवारणीचे दर मागवण्याआधी नांगरणीची मागणी करावी.

थेट पाइपावर झाडे लावण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण मुळे पाइपाच्या आवरणाला इजा करतात आणि पाहणीतही अडथळा आणतात. तिथे खोल मुळांचे बहुवार्षिक गवतच बरे. चर पहिल्या एक-दोन पावसांत खचतोच, त्यामुळे भरावाला थोडा फुगवटा ठेवून घ्यावा आणि निदान दुसऱ्या हंगामाच्या पाहणीपर्यंत कंत्राटाची शेवटची रक्कम राखून ठेवावी.