पॅलाडिन भारी पडतोय: शत्रू वाढवावेत, ताकद कापावी की गोष्ट वळवावी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांच्या कथाखेळात, बेळगावच्या टिळकवाडीतला असो की निपाणीचा, नवीन डीएम, म्हणजे कथा आणि शत्रू चालवणारा, साधारण सहाव्या लेव्हलला हाच प्रश्न घेऊन येतो: एकाचं कॅरेक्टर फार भारी झालंय, लढाई दोन राउंडमध्ये आटोपते, बाकीचे फोन बघत बसतात. उपाय चार आहेत. त्यांची तुलना करताना मी एकच गोष्ट बघतो: बाकीच्यांना आपल्या पाळीत करण्यासारखं काही मिळतं का? गोष्टीवर चालणारं कॅम्पेन (अनेक सेशनची सलग कथा) एकाच्या ताकदीने बिघडत नाही, इतरांचे हात रिकामे राहिले की बिघडतं.

शत्रू तगडे करणं सगळ्यात आधी सुचतं, आणि सगळ्यात जास्त नुकसानही यातच आहे. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीतला पॅलाडिन, म्हणजे चिलखतातला धर्मयोद्धा, घ्या. प्लेट चिलखताचे 18, ढालीचे 2, डिफेन्स नावाच्या लढाईशैलीचा 1, असा एसी, म्हणजे बचावाचा आकडा, 21. हल्ल्याला +4 असलेल्या, म्हणजे फाशात 4 मिळवणाऱ्या शत्रूला त्याच्यावर वीस बाजूंच्या फाशाचे 17 किंवा जास्त पडावे लागतात, म्हणजे शक्यता 20 टक्के. म्हणून तुम्ही +9 वाला आणता. पॅलाडिनला आता 45 टक्के वेळा लागेल. पण शेजारी एसी 12 चा विझार्ड (जादूगार) उभा आहे, त्याला लागण्याची शक्यता 65 वरून 90 टक्क्यांवर गेली. ज्याला आवरायचं होतं तो उभाच, आणि ज्याला आधीच वाव नव्हता तो पहिल्या राउंडला आडवा. वाढवायचंच असेल तर संख्या वाढवा. एका राक्षसाऐवजी सहा साधे लुटारू लांब-लांब ठेवा, म्हणजे पॅलाडिन सगळीकडे पुरणार नाही.

ताकद कापणं, म्हणजे नर्फ. नियमच ढिला असेल तर हा उपाय योग्य आहे. 2014 च्या पुस्तकात पॅलाडिन प्रत्येक लागलेल्या वारावर डिव्हाइन स्माइट, म्हणजे जादूचा एक स्लॉट खर्चून जादा इजा, लावू शकतो. 2024 च्या पुस्तकात स्माइट हा स्पेल (मंत्र) झालाय, त्याला पाळीत एकदाच मिळणारी बोनस ॲक्शन लागते, म्हणजे एका पाळीत एकदाच. तुम्ही जुन्या पुस्तकाने खेळत असाल तर हा छापील बदल घ्या. कुणा एकावर नेम धरल्यासारखं वाटत नाही. मात्र सेशन चालू असताना कापू नका. आधी त्या खेळाडूला एकट्याला चहाला बोलवा, आणि बदल्यात कॅरेक्टर नव्याने बांधायची मुभा द्या. महिनोन्महिने जपलेलं कॅरेक्टर चारचौघांत कापलं की पोरगं यायचंच बंद होतं.

विश्रांती आवळणं स्वस्त आणि गुणकारी आहे. सहाव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे पहिल्या पातळीचे 4 आणि दुसऱ्या पातळीचे 2 स्लॉट असतात, आणि खर्चलेले स्लॉट लाँग रेस्ट, म्हणजे मोठी विश्रांती, घेतल्यावरच परत येतात. दिवसात एकच लढाई ठेवली तर सहाही स्माइट तिथेच फुटणार. 2014 च्या डीएम गाइडमध्ये दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण सामने धरलेत. गोष्टीच्या कॅम्पेनमध्ये एवढे बसत नाहीत. त्यासाठी त्यातच एक पर्याय दिलाय: शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) 8 तासांची, लाँग रेस्ट 7 दिवसांची. प्रवासाच्या कथेला तो छान बसतो. अडचण एकच, विझार्डही लाँग रेस्टवरच जगतो, त्यामुळे त्याचीही कोंडी होते. वॉरलॉक या दुसऱ्या जादूगाराचे स्लॉट शॉर्ट रेस्टलाच परततात, म्हणून तो त्यात सुटतो.

गोष्ट वळवणं मला सगळ्यात जवळचं वाटतं. तयारीला वेळ जास्त लागतो, पण हातात टिकाऊ काहीतरी येतं. समजा कथा खानापूरच्या जंगलात, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते तिथे आहे. पावसाळा आहे. लुटारू साकवाचे दोर कापतायत, पलीकडे पालखी अडकलीय, आणि जंगलातली दुसरी वाट फक्त एका म्हाताऱ्याला ठाऊक आहे. तो कानडीशिवाय बोलत नाही. पॅलाडिन म्होरक्याला एका पाळीत लोळवेल, लोळवू दे. पण त्याची चाल 30 फूट आहे आणि चिलखत खडखडतंय. दोरांपर्यंत गुपचूप पोचायचं ते रोगने, म्हणजे चोरपावलांच्या कॅरेक्टरने. धुकं उठवायचं ते विझार्डने. म्हाताऱ्याशी बोलायचं बार्डने, म्हणजे गोडबोल्या शाहिराने. आपल्याकडे बऱ्याच टेबलांवर एकतरी खेळाडू घरी कानडी बोलतो. बार्ड त्याच्याकडे असेल तर हा संवाद खरोखर कानडीतच होऊ द्या. अशा वेळी सगळं टेबल कान देऊन ऐकतं, आणि पॅलाडिनवाला स्वतःच विचारतो, ‘काय म्हणाला रे?’

यात एक जपायचं: प्रत्येक सेशन पॅलाडिनला निकामी करणारं रचू नका. त्याने ताकद कमावली आहे, मधूनमधून ती मोकळी सुटायला हवी.

ठरवायचंच असेल तर पुढच्या दोन-तीन सेशनसाठी गोष्ट वळवा आणि लाँग रेस्ट कथेच्या टप्प्यांनाच द्या. तरीही स्माइटच सगळं गिळत असेल तर 2024 चा नियम लावा. शत्रूंची ताकद शेवटपर्यंत आहे तशीच ठेवा. आणि खेळाडूच दुसऱ्यांच्या पाळीत बोलून त्यांचे निर्णय घेत असेल, तर यातलं काहीही लावू नका. ते त्याच्याशी समोरासमोर बोलूनच सोडवावं लागतं.