फियाटला इलेक्ट्रिक फॅन बसवून देतो म्हणून साडेसात हजारांना कसं गंडवलं

ज्यांच्याकडे अजून जुनी फियाट आहे (कागदावर प्रीमियर पद्मिनी) आणि ट्रॅफिकमधे गरम होते म्हणून इलेक्ट्रिक फॅन लावायचं डोक्यात आहे त्यांनी आधी हे वाचा आणि मग गाडी गॅरेजला सोडा.

या गाडीचा मूळ फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर असतो, म्हणजे सिग्नलला इंजिन आयडलवर आलं की फॅनही सुस्त होतो आणि टेम्परेचरचा काटा वर चढायला लागतो. त्यावर मारुतीचा इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरला लावणे हा जुनाच इलाज आहे. मी पुण्यातल्याच एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो, नाव घेत नाही, जुन्या गाड्यांचा स्पेशालिस्ट म्हणून त्याची बरीच हवा होती. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि साडेसात हजार सांगितले, त्यात नवा फॅन, रिले (बारीक करंटवर फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, जाड वायर आणि दोन टेम्परेचर स्विच, एक ९२ डिग्रीला लागणारा आणि ८७ ला सुटणारा, दुसरा त्याच्या वरचा, पहिला फेल गेला तर बॅकअप म्हणून. ऐकायला एकदम व्यवस्थित, खरं तर असंच करायला पाहिजे.

गाडी घ्यायला गेलो तर इंजिन आधीच तापवून ठेवलेलं आणि फॅन चालू. "बघा साहेब, ९२ झाले आणि लागला." एक वर्ष गॅरंटी, तीपण तोंडी. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडगार इंजिनाला चावी फिरवली तर स्टार्टर मारायच्या आतच फॅन भर्रकन सुरू! फोन केला तर म्हणे नवीन सेन्सर आहे, सेट व्हायला दोन दिवस लागतात. अहो सेन्सर काय दही आहे का सेट व्हायला.

पण खरी गंमत साताऱ्याला जाताना कळली. कात्रज सोडलं, मोकळा रस्ता, ६०-७० चा स्पीड, आणि काटा वर. खेड शिवापूरच्या टोलला रांगेत उभे राहिलो तर काटा खाली! हे एकदम उलटं आहे, फॅनचा प्रॉब्लेम असेल तर गाडी उभी असताना तापते, पळताना समोरून हवा मिळतेच की. परत आल्यावर ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे नेली, त्यांनी काहीही न खोलता वर्तमानपत्राचं एक पान ग्रिलला धरलं आणि फॅन चालू करायला सांगितला. फॅन रेडिएटरच्या मागे आहे म्हणजे त्याने हवा आत ओढायला पाहिजे, पान ग्रिलला चिकटून बसायला पाहिजे, तर ते पान उडून मेस्त्रींच्या तोंडावर. फॅनच्या दोन वायरी उलट्या जोडल्यामुळे मोटर उलटी फिरत होती. गाडी पुढे पळतीये, हवा समोरून येतीये आणि फॅन तीच हवा परत पुढे ढकलतोय.

मग मेस्त्रींनी एकेक उघडायला घेतलं. फॅन नवा नव्हताच, भंगारातला होता, वर काळा स्प्रे मारलेला, नखाने खरवडला की खाली जुना गंज. रिले हातात घेऊन हलवला तर खुळखुळ वाजला, आत कॉइलच नाही, नुसतं डबडं, आणि मागे ३० आणि ८७ नंबरच्या पिनांच्या वायरी एकमेकींना पिळून टेप मारलेली. म्हणजे सगळा करंट इग्निशन स्विचमधून डायरेक्ट, ८-१० अँपिअर, आणि वायर पार्किंग लाइटला वापरतात तसली बारीक, वरचं आवरण तेवढं जाड. मीटर लावला तर बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि फॅनपाशी जेमतेम १०. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली, गाडी पेटली नाही हेच नशीब.

आणि ते दोन स्विच! पहिल्याची वायर लूममधे (वायरींच्या जुडग्यात) नीट गेलेली दिसत होती, टेप सोडली तर बोटभर आत जाऊन संपलेली, कुठे जोडलेलीच नाही. दुसऱ्याच्या अंगावर टेम्परेचरच्या आकड्याऐवजी ०.५ बार कोरलेलं, तो चक्क ऑइल प्रेशर स्विच निघाला. मेस्त्री हसून हसून खाली बसले, मला काही हसू येईना.

खरं कनेक्शन काय अवघड नाहीये. रिलेच्या ३० नंबर पिनला बॅटरीतून फ्यूज घेऊन जाड वायर, ८७ वरून फॅन, ८६ ला इग्निशन, आणि ८५ टेम्परेचर स्विचमधून बॉडीला. बसवण्याआधी स्विच हातात घेऊन त्यावरचे आकडे वाचा, ९२-८७ असं काहीतरी कोरलेलं असतं. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवून मीटर लावा, फक्त आपल्याकडे पुण्याच्या उंचीला पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, त्यामुळे शंभरच्या वरचा स्विच या पद्धतीने लागणारच नाही, त्याला उगाच खराब म्हणू नका. गाडी ताब्यात घ्यायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, चावी ऑन केल्यावर फॅन बंदच राहिला पाहिजे, मग स्विचवरची वायर काढून बॉडीला टेकवायची, रिले टक् वाजला आणि फॅन लागला, वायर उचलली आणि थांबला, तरच पैसे. त्याने इंजिन आधीच तापवून ठेवलं असेल तर चहा पिऊन या, थंड होऊ द्या.

मी परत गेलो तेव्हा तो इलेक्ट्रिशियन म्हणाला की हे मी केलंच नाही, नंतर कोणीतरी हात लावलाय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार करायची तर दाखवायला काय, वहीचं फाडलेलं चिठोरं, त्यावर "फॅन काम ७५००", ना नाव ना सही. पार्टची नावं लिहिलेलं पक्कं बिल मागा, द्यायला कां कूं करत असेल तर तिथूनच गाडी वळवा.

मेस्त्रींनी नवा रिले, फ्यूज, वायर आणि नाना पेठेतून आणलेले दोन खरे स्विच लावून दिले, फॅनही दुसरा बसवला, आता काटा मधे असतो. पण त्या माणसाने काढलेला माझा ओरिजनल फॅन परत दिलाच नाही, भंगारात गेला म्हणतो, मला वाटतं चांगल्या भावात विकला असणार. या गाड्या बंद होऊन वीस वर्षं होऊन गेली, असे पार्ट आता मिळतात कुठे. कुणाकडे जादा पडलेला असेल तर सांगा, योग्य किंमत देईन, पण पाहून घेईन.