स्वायत्तता घ्यावी की संलग्नच राहावं?

नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) 'अ' श्रेणी मिळाली की संस्थेच्या बैठकीत महाविद्यालयाच्या स्वायत्ततेचा, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच चालवण्याचा, विषय निघतोच. पदवी दोन्हीकडे विद्यापीठाचीच. बदलतं ते फक्त काम कोणाच्या अंगावर पडतं हे, आणि तिथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

संलग्न राहिलात तर अभ्यासक्रम आणि परीक्षेची डोकेदुखी विद्यापीठाची, पण विद्यापीठ अडखळलं की तुमचे विद्यार्थीही लटकतात. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने ऐन उन्हाळी परीक्षांना सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या. कल्पना वाईट नव्हती. तयारी नव्हती. स्कॅनिंग रखडलं, प्राध्यापकांचा हात बसलेला नव्हता. कायद्यात निकालाला 30, फार तर 45 दिवस. इथे महिने गेले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं.

स्वायत्ततेत हीच जबाबदारी तुमच्याकडे येते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023च्या नियमांप्रमाणे ती पहिल्यांदा 10 वर्षांसाठी मिळते. नियामक मंडळ, विद्यापरिषद, वित्त समिती, विषयवार अभ्यासमंडळं कागदावर लवकर उभी राहतात. अडतं ते परीक्षा विभागात. शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकच असेल तर गुण फुगतात. म्हणून निम्मे पेपर तरी बाहेरून काढून घ्या आणि मॉडरेशन, म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकांची पडताळणी, बाहेरच्या परीक्षकाकडे द्या. एटीकेटी (राहिलेल्या विषयांची परीक्षा) आणि पुनर्मूल्यांकनाचं वेळापत्रक पहिल्या सत्राआधीच जाहीर करा. अभ्यासक्रमाचंही तसंच: वीस वर्षं आयता अभ्यासक्रम शिकवलेले लोक जुन्याच घटकांचा क्रम बदलतात आणि 'नवीन' म्हणून मांडतात.

मग आपलं महाविद्यालय कुठे बसतं? महाविद्यालय विकास समितीची दोन वर्षांची इतिवृत्तं काढा. प्रत्येक विषयापुढे 'चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर', आणि 'मागील ठरावांवरील कार्यवाही' या रकान्यात 'नोंद घेतली' एवढंच असेल, तर थांबा. प्राचार्यांसमोर कनिष्ठ प्राध्यापक 'नाही' म्हणू शकत नाही, तिथे अभ्यासमंडळही शिक्क्यापुरतंच राहतं. पंचवार्षिक आराखडाही तपासा. प्रत्येक कामापुढे रक्कम, नाव आणि तारीख नसेल तर तो नॅकच्या फाइलसाठीच केलेला आहे.

या दोन्ही तपासण्यांत उतरलात तर जरूर अर्ज करा. मात्र पहिल्या वर्षी एकाच शाखेचा अभ्यासक्रम मुळापासून बदला, बाकीच्यांचा विद्यापीठाचाच चालू द्या. परीक्षा नियंत्रक तीन वर्षांत निवृत्त होणारा नेमू नका.